काट्यावरचा व्हायरस

प्रोग्रामिंगच्या क्लासला जेमतेम महिना झाला आणि निकेश घरतने व्हायरस तयार केला!

आता तुम्ही म्हणाल, असं काही इतक्या लवकर जमतं का? निकेशला विचारा! पनवेलच्या लाइन आळीतल्या त्या क्लासमध्ये बाकीची मंडळी अजून दोन आकड्यांची बेरीज छापून स्वतःच टाळ्या वाजवत होती. निकेशने मात्र थेट असा प्रोग्राम लिहिला, की चालू केला रे केला की पडद्यावर खिडकी उघडणार, 'तुमचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहे!' ती बंद केली की दुसरी. ती बंद केली की तिसरी. अंतच नाही! याला व्हायरस नाही म्हणायचं तर काय सत्यनारायण म्हणायचं?

स्वतःच्या लॅपटॉपवर तो चालवून बघायची मात्र त्याची छाती झाली नाही. स्वतःच्या घराला आग लावून काडेपेटी चालते का, हे कोण बघतं?

प्रयोगाला बकरा तयारच होता. चुलतभाऊ हृतिक! निकेशच्या काकांचा, म्हणजे कमलाकरशेठचा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक-ट्रेलर तोलायचा वजनकाटा आहे. त्याच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरसमोर हृतिक बसायचा आणि वजनाच्या पावत्या कमी, क्रिकेट जास्त बघायचा. वर निकेशला टोमणे! "काय रे, क्लासला जाऊन टायपिंग तरी आलं का?"

निकेशने संध्याकाळी गुपचूप पेनड्राइव्ह लावला, फाइलला 'आजची मॅच' असं नाव दिलं, पडद्याच्या मधोमध ठेवली आणि शीळ घालत रोडपालीला घरी आला.

सकाळी तो मुद्दाम उशिरा काट्यावर पोचला. दारातूनच त्याला पडदा दिसला आणि अंगावर काटा आला. पडदाभर लाल खिडक्या! एकीवर एक, एकीवर एक! हृतिक माउस आपटत होता. "सकाळपासून हेच चाललंय! बंद केलं की परत येतंय!"

चालला! आपला व्हायरस चालला! निकेशला नाचावंसं वाटलं. मग मनात पाल चुकचुकली. लाल रंग तर आपण दिलाच नव्हता. म्हणजे... व्हायरस स्वतःच्या स्वतः सुधारत होता!

तेवढ्यात बाहेरून गोरख ड्रायव्हर ओरडत आला. "शेठ, माझा ट्रेलर रिकामा हाय! तरी काटा पाच क्विंटल जास्त दाखवतो! हवा भरलीय का काय मी त्यात?"

कमलाकरकाका बाहेर गेले, परत तोललं. पाच क्विंटल जास्तच! निकेशने टेबलाखाली वाकून बघितलं. कॉम्प्युटरची वायर काट्याला जोडलेली होती. वायरीतून गेला!

एवढ्यात काकांचा फोन वाजला. फोनही कॉम्प्युटरलाच चार्जिंगला लावलेला. पलीकडून प्रमिलाकाकीचा आवाज केबिनभर घुमला. "अवो, मशिनीला काय झालंय? पानी भरतेय ते भरतेच हाय, थांबतच नाय!"

वॉशिंग मशीन! हृतिकने हौसेने आणलेलं, फोनवरून चालू-बंद होणारं! निकेशच्या डोळ्यांपुढे सगळा प्रवास लख्ख उभा राहिला. कॉम्प्युटरमधून फोनमध्ये, फोनमधून मशीनमध्ये. आता मशीनमधून कुठे? रोडपालीतल्या शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये? तिथून एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर? उद्या पेपरात फोटो! पोलिसांच्या मधोमध आपण, तोंडावर रुमाल!

"कुणी हात लावू नका!" तो किंचाळला आणि त्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. काटा मेला. ज्याचं वजन झालं होतं त्याची पावती निघेना, ज्याचं व्हायचं होतं तो पुढे सरकेना. बघता बघता ट्रेलरची रांग सर्व्हिस रोडपर्यंत गेली आणि हॉर्नचा असा गजर सुरू झाला, की बोललेलं ऐकू येईना.

"काय रं, याड लागलं काय तुला?" काकांनी त्याचा दंड धरला.

"काका, मी... मी व्हायरस सोडलाय."

काकांनी दंड सोडला. एक पाऊल मागे गेले. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "कवापासून? ताप हाय का तुला?"

"मला नाही! कॉम्प्युटरला!"

"मग हृतिक, तू लांब हो! सकाळपासून तोंड घालून बसलायस त्याच्यात!"

हृतिक खुर्चीसकट भिंतीला जाऊन टेकला. निकेशने क्लासच्या मनस्वी मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"थांब, थांब," मॅडम म्हणाल्या. "आधी सांग, कॉपी करतो का?"

"नाही मॅडम, आईशप्पथ! मनानेच लिहिलाय!"

"तुझं नाही रे, प्रोग्रामचं विचारतेय! स्वतःच्या कॉप्या काढून दुसऱ्या फाइलींत, दुसऱ्या कॉम्प्युटरवर पसरतो का?"

"तसं... मी सांगितलेलं नाही. पण आता तो माझं ऐकत नाही मॅडम!"

मॅडम स्कूटीवरून यायला निघाल्या. दरम्यान काकांच्या डोक्यात काहीतरी वेगळंच शिजत होतं. त्यांनी रुमाल हळूच खाली घेतला, पुतण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाहेर जाऊन गोरखला म्हणाले, "आमच्या पोरानं केलंय हे! एकट्यानं! घरात बसून!" गोरखने ते मागच्या ट्रेलरवाल्याला सांगितलं. मॅडम पोचेपर्यंत ड्रायव्हर मंडळी खिडकीतून निकेशकडे अशी बघत होती, जणू सर्कशीतला वाघ पिंजऱ्याबाहेर बसलाय!

मनस्वी मॅडमनी पहिल्यांदा मेन स्विच वर केला. कॉम्प्युटर सुरू झाला. लाल खिडक्या पुन्हा हजर! मॅडमनी त्यातली एक वाचली. फक्त वाचली, जे सकाळपासून कुणीच केलं नव्हतं.

"अहो, तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपलीय. नवीन घ्या म्हणून तो आठवण करतोय."



"आणि काटा?" निकेशने विचारलं.

मॅडम काचेतून बाहेर बघत होत्या. "त्या ट्रेलरच्या पलीकडे, सावलीत, काट्यावर काय बसलंय?"

गोरख वाकून बघायला गेला. बाजारातला मोकाट वळू! ऐसपैस पाय पसरून रवंथ करत बसलेला. चौघांनी मिळून उठवला तेव्हा काट्यावरचं वजन मुकाट्याने खाली आलं. काकीचाही फोन आलाच. मशीनची पाणी सोडायची नळी हुकावरून खाली पडली होती, भरलेलं पाणी तसंच वाहून जात होतं. तिने नळी वर अडकवली, मशीन शहाण्यासारखं फिरू लागलं.

"पण मॅडम, माझा प्रोग्राम?" निकेशचा आवाज अगदी बारीक झाला. "तो व्हायरस नाही?"

"नाही रे. तो पसरत नाही, कशात शिरत नाही. एकच काम पुन्हा पुन्हा करणारा साधा लूप आहे. त्रासदायक आहे, एवढंच."

"पण त्रासदायक तरी आहे ना?"

मॅडमनी 'आजची मॅच' उघडली. "हृतिक, तू ही चालवली होतीस?"

"दहादा दाबली!" हृतिक भिंतीजवळूनच म्हणाला. "एक काळी चौकट यायची नि जायची. मॅच लागलीच नाही!"

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "दुसऱ्याच ओळीत कंस बंद करायचा राहिलाय. हा एकदाही चाललेला नाही."

निर्दोष सुटलेला माणूस इतका रडवेला झालेला कळंबोलीने कधी पाहिला नसेल! खिडकीतली गर्दी पांगली. गोरख जाता जाता म्हणाला, "म्हंजे वळूच खरा!"

कमलाकरकाकांचा चेहरा तर पुतण्यापेक्षा जास्त पडला होता. ज्या ज्या ड्रायव्हरला त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं, ते सगळे आता हसत हसत काट्यावरून पुढे जात होते. मॅडम स्कूटी चालू करू लागल्या, तसे काका त्यांच्याजवळ गेले आणि हळूच, कुणी ऐकणार नाही असं, म्हणाले,

"मॅडम, पोरगा मेहनती हाय. त्याला निदान एक चालणारा व्हायरस तरी शिकवा की!"