गप्प शहरात कमलकाकू

अमेरिकेतल्या सांता क्लाराच्या डॉक्टर कमल देवस्थळी, म्हणजे आमच्या कमलकाकू, यांनी मला वाचवलं हे आधी लिहून टाकते. कशातून वाचवलं ते मागाहून सांगते. माझी शाळा सातवीत सुटली, निबंध लिहायचे राहूनच गेले, त्यामुळे मांडणी चुकेल. पण उपकार आधी सांगावेत आणि हकिगत नंतर, एवढं मला कळतं.

काकूंची ओळख जिभेपासून करून द्यावी लागेल. दुसऱ्यांच्या जिभेपासून. काकू लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. रिटायर झाल्या, पण सवय गेली नाही. समोर माणूस आला की नमस्कार-हॅलोच्या आधी म्हणायच्या, "जीभ काढा." बँकेतल्या मुलीला म्हणाल्या, मंडळाच्या गणपतीत आरती सांगणाऱ्या गुरुजींना भर आरतीत म्हणाल्या. गंमत म्हणजे लोक काढायचे! आमचा पोस्टमन तर पत्रं हातात द्यायच्या आधी स्वतःहूनच जीभ बाहेर काढून उभा राहायचा. काकू चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "कॉफी कमी कर." झालं. फी नाही, काही नाही.

दुसरी गोष्ट कुकर. काकू कुठेही निघाल्या तरी कुकर बरोबर. जुन्या सुती पातळात गुंडाळलेला, हातातल्या बॅगेत. डाळीला तीन शिट्ट्या. चौथी झालीच तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायच्या, "शकू, आपण कोणाच्या घरात आहोत?"

शकू म्हणजे मी. काकूंकडे राहून स्वयंपाक आणि घरचं सगळं बघत होते. मी मूळची सिन्नरची. नवरा नाही, लेक भावाकडे राहून दहावीला बसायची होती आणि तिचं सगळं माझ्या इथल्या कामावर चाललं होतं. माझ्या पासपोर्टावरचा शिक्का अमेरिकेत दोनदा शिरण्यापुरता होता. एकदा शिरून झालेलं. त्यामुळे मी टेलिफोनला घाबरायची, लिफ्टला घाबरायची, खिडकीच्या पाकिटातून आलेल्या पत्राला तर हातच लावायची नाही. काकू म्हणायच्या, "तुझं घाबरून झालं का? मग चहा टाक."

काका हिवाळ्यात वारले. हॉस्पिटलातून काकूंनीच सगळ्यांना फोन केले, भेटायला येणाऱ्यांसाठी थर्मास भरून ठेवला, आणि आलेल्या तिघांच्या जिभा बघितल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. मंडळातल्या बायका किचनमध्ये माझ्यासमोरच बोलल्या, "डॉक्टर आहेत ना, यार. त्यांना काही फीलच होत नाही." मी कपबशा विसळत राहिले.

मग लामिले सिस्टरचं पत्र आलं. ती काकूंच्या हॉस्पिटलात पुष्कळ वर्षं नर्स होती, रिटायर होऊन आपल्या गावी गेली होती, अक्राला. अक्रा म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घाना देशाची राजधानी. हे मला विमानात कळलं. सिस्टरनं लिहिलं होतं, आमच्या होमोवोला ये, आधीपासून येऊन राहा. होमोवो म्हणजे भुकेची टिंगल करायचा सण. कधीकाळी त्यांच्या पूर्वजांवर मोठा दुष्काळ आला, मग मका पिकला, तेव्हा लोक भुकेला हसले. ते हसणं अजून दरवर्षी चालू आहे.

"तू पण चल," काकू म्हणाल्या. "माझे गुडघे एकटे जायचे नाहीत."

"आणि मला परत आत घेतलं नाही तर?"

"तुझं घाबरून झालं का?"

मी चहा टाकला.

आम्ही पोचलो तेव्हा सणाला बरेच आठवडे होते आणि सिस्टर राहायची तो शहराचा भाग गप्प होता. खरंच गप्प. सिस्टरनं विमानतळावरच बजावलं होतं की देवाचा मका पेरला आहे, तो वर येईपर्यंत ढोल नाही, टाळ्या नाहीत, मोठ्याने गाणं नाही, लग्नाची वाजंत्री नाही. मातीखाली काम चाललंय, वर गोंगाट करायचा नाही. कोणी केला तर वस्तीतली माणसं येतात, वस्तू उचलून नेतात, पुजाऱ्यापुढे उभं करतात, आणि फारच झालं तर पोलीस.

पोलीस हा शब्द मला सगळ्या भाषांत कळतो. त्या दिवसापासून मी अनवाणी चालू लागले. भांडी घासताना खाली फडकं अंथरायची. लसूण ठेचायची सोडून सुरीने चिरायची. शिंक आली तर पदरात. काकू म्हणाल्या, "शकू, मका पेरलाय, बॉम्ब नाही पेरलेला." तरी मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

आणि पाचव्या दिवशी दुपारी मी डाळीचा कुकर लावला.

तुम्ही हसाल. पण मला सांगा, शिट्टी हा आवाज आहे हे आपल्यातल्या कुठल्या बाईच्या लक्षात येतं? ती वेळ असते. घड्याळ टिकटिक करतं म्हणून ते कोणी दुलईत गुंडाळून ठेवतं का? सिस्टर बाजारात गेली होती, काकू न्हाणीघरात. पहिली शिट्टी झाली. बाहेर गल्लीत दोन बायका बोलत होत्या, त्या थांबल्या. मला वाटलं, गेल्या असतील. दुसरी झाली तशी पावलं धावत आली आणि दारावर थाप पडली.

दार उघडलं तर चार उंच तरुण आणि पुढे काठी घेतलेला एक म्हातारा. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. मला इंग्रजी येतं ते यस, नो, सॉरी एवढं. मी तिन्ही म्हणाले. त्यातला एक तरुण दुसऱ्याला काही बोलला आणि त्यात तो एक शब्द होता, पोलीस. डोळ्यांपुढे तो शिक्का आला आणि सिन्नरच्या शाळेच्या दारात उभी असलेली लेक आली. गॅस बंद करायचा असतो हेसुद्धा सुचेना.

तेवढ्यात, त्यांच्या तोंडावर, तिसरी झाली. लांबलचक.

आतून काकूंचा आवाज आला, "तीन झाल्या गं! बंद कर!"

काकू ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या. दारातली माणसं बघितली, माझा चेहरा बघितला, आणि त्यांना सगळं कळलं. म्हाताऱ्याने आता इंग्रजीत विचारलं, हे कोणी वाजवलं? मी हात वर करायला निघाले होते, देवाशप्पथ. काकूंनी माझा हात धरून खाली केला, मला मागे ढकललं आणि म्हणाल्या, "आय डिड."

"काकू, अहो, मी—"

"तू गप्प बस. तुला इंग्रजी येत नाही." मग त्यांच्याकडे वळून इंग्रजीत सावकाश सांगितलं, ते मलाही कळलं. भांडं माझं, डाळ माझी, शिट्टी माझी. ही बाई फक्त कांदा चिरते. कुठे नाव लिहायचं असेल तर माझं लिहा.

तरुणांपैकी एकजण आत येऊन कुकर उचलू लागला, हात भाजला, ओरडला, आणि आपणच ओरडलो म्हणून तोंडावर हात ठेवला. कोणी हसलं नाही. म्हाताऱ्याला ढास लागली. तो तीही दाबत होता, गोंगाट नको म्हणून. काकू त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मला पुढचं दिसलं आणि मी मनात म्हटलं, नको, काकू, आत्ता नको.

"जीभ काढा," काकू म्हणाल्या. इंग्रजीत, पण त्याच आवाजात.

तरुण ताठ झाले. काठी जमिनीवरून दोन बोटं उचलली गेली. मग म्हाताऱ्याने जीभ काढली.

"पाणी कमी पिता तुम्ही," काकू म्हणाल्या. "आणि ही ढास जुनी आहे. उद्या छाती तपासते."

म्हाताऱ्याने जीभ आत घेतली आणि म्हणाला, "तपासा. पण औषध वेगळं आणि गुन्हा वेगळा. उद्या पुजाऱ्यापुढे या."

दुसऱ्या दिवशी गेलो. सिस्टर दुभाषी. पायांतलं बाहेर काढून अंगणात उभं राहायचं. पुजारी पांढऱ्या वस्त्रात, शांत माणूस. त्याने एवढंच विचारलं की पेरलेल्यावर ओरडलात का? मला वाटलं काकू आता वाद घालणार, विज्ञान सांगणार. पण काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, "चूक झाली. मुदतीआधी जन्मलेली बाळं ठेवायचो त्या खोलीत मी कोणाला कुजबुजूसुद्धा द्यायची नाही. मला कळायला हवं होतं."

सिस्टरनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मग दंड ठरला, एक दारूची बाटली आणि एक मेंढी. जन्मात अंडं न खाल्लेल्या काकू मेंढी आणायला स्वतः बाजारात गेल्या, आणि निवडताना तिची जीभ बघितली. पोलिसांत काही गेलं नाही. कुकरची शिट्टी मात्र मका वर येईपर्यंत पुजाऱ्याकडे राहिली. तेवढे आठवडे काकू उघड्या पातेल्याशेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "झाली का गं? कशावरून झाली?"

पुजाऱ्याकडून परतताना मी रडत होते. "तुम्ही खोटं बोललात माझ्यासाठी."

"मला काय करणार होते? माझा पासपोर्ट अमेरिकेचा आहे. तुझ्या शिक्क्यावर दोन माणसं उभी आहेत."

बंदी उठली तेव्हा ढोल असे वाजले की खिडक्या थरथरल्या. पुढे होमोवोचा दिवस आला. मक्याचं पीठ आंबवून, वाफवून, पामच्या तेलात कालवून केलेलं अन्न घरच्या कर्त्याने दारोदार शिंपडलं, मेलेल्यांसाठी. मग मोठं भांडं मध्ये ठेवून सगळ्यांनी एकत्र हात घातले, मालक, नोकर, म्हातारे, पोरं. काकूंनी माशाचं कालवण टाळलं, पण हात माझ्या हाताशेजारीच घातला. सांता क्लाराला मी नेहमी मागाहून जेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि अचानक घराघरांतून रडणं सुरू झालं. मी कप खाली ठेवला. वाटलं, काहीतरी झालं, आता पळायचं. सिस्टरनं खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, वर्षभरात जे गेले त्यांच्यासाठी आज सगळे रडतात. मग डोळे पुसून भांडणं मिटवायची आणि नवं वर्ष. तिची बहीण गेली होती. ती बायकांच्या रांगेत जाऊन बसली.

काकू उभ्या होत्या. "वेळ ठरवून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळ्यांनी मिळून?"

"हो, डॉक्टर."

काकू गुडघे सांभाळत तिच्या शेजारी बसल्या आणि एखादी नवी मशीन कशी चालवायची असं विचारावं तसं विचारलं, "सुरुवात कशी करतात?"

"नाव घ्यायचं," सिस्टर म्हणाली.

काकूंचे ओठ हलले. चाळीस वर्षांच्या संसारात ते नाव त्यांनी कधी हाक म्हणून घेतलं नव्हतं. ते आलंच नाही. आलं ते एवढंच, "अहो..." आणि पुन्हा, "अहो..." मग मी काकूंना रडताना बघितलं, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखं. अनोळखी बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांतल्या कोणालाही त्या डॉक्टर आहेत हे माहीत नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर साहेबाने माझा पासपोर्ट उलटसुलट केला. शेवटी त्याने शिक्का मारला आणि पुढचा माणूस बोलावला. बस, इतकंच.

परवा दुपारी काकू टपाल चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इथे भिंती पातळ आहेत, शकू. जरा आवाज झाला की शेजारी कंप्लेंट करतात. माझ्या वेळी सगळं शांततेत आटपेल. थर्मास तेवढा भरून ठेव."

मला तोंडावर काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. काकू, ती वेळ उशिरा येवो. पण आली की मी तुमच्यासाठी रडेन. तुमचं नाव घेऊन, सगळ्या कॉम्प्लेक्सला ऐकू जाईल एवढ्याने. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं तर बोलावू देत. दार मी उघडेन.