हार्डडिस्कच्या आवाजाचा निपटारा

तालुका कलम नोंदणी कार्यालयात सोमवारी सकाळी साडेदहा वाजता नवीन हार्डडिस्क बसवण्यात आली आणि दहा चाळीसला तिने आवाज केला. ही बाब मी गांभीर्याने नमूद करतो, कारण या कार्यालयात दहा चाळीसला आवाज करण्याची प्रथा नाही. दहा चाळीसला आम्ही चहा पितो.

मी येथील अव्वल कारकून. एकोणतीस वर्षं सेवा, त्यातली सत्तावीस याच खिडकीत. रत्नागिरी तालुक्यातल्या प्रत्येक हापूसच्या कलमाची नोंद आमच्याकडे असते. कुणी लावलं, कधी लावलं, गडग्यापासून किती हात आत लावलं, सगळं. गडगा म्हणजे दोन वाड्यांच्या हद्दीवर रचलेली जांभ्या दगडांची भिंत. आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात ते बहुतेक या गडग्यावरून, त्यामुळे आमच्या नोंदींना फार मान आहे.

जुन्या वह्यांपैकी निम्म्या वाळवीने संपवल्या होत्या. उरलेल्या आम्ही स्कॅन करून रीतसर निर्लेखित केल्या, म्हणजे मोडीत काढल्या. पुढे जुनी हार्डडिस्क भरली, म्हणून सगळ्या नोंदी आदल्या आठवड्यातच या नव्या डिस्कवर हलवल्या आणि जुनी डिस्कही त्याच दिवशी निर्लेखित केली. एकाच गोष्टीच्या दोन प्रती ठेवणं ही उधळपट्टी आहे, असा शेरा आमच्यावर पूर्वी एकदा बसला होता. तो आम्ही विसरलेलो नाही.

तर आवाज. कर्र, टक्. टक्-टक्. कर्र. कुणीतरी शेजारी मांडी घालून निवांतपणे कुर्ल्या फोडून खातंय, असा.

आमचा कंत्राटी ऑपरेटर विनीत, सावर्ड्याचा, चोवीस वर्षांचा, उठून डिस्कच्या डब्याला कान लावून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला.

"भाऊसाहेब, ही डिस्क मरतेय."

"नवीन आहे ती."

"नवीनसुद्धा मरते. आत काहीतरी घासतंय. आजच्या आज सगळं दुसरीवर उतरवून घेऊ या. माझ्या घरी एक रिकामी आहे, ती आणतो."

"घरची वस्तू कार्यालयात आणायला परवानगी लागते. परवानगीला कारण लागतं. कारणाला तक्रार लागते. आधी तक्रार लेखी दे."

पोरगा सरळ. त्याने दिली. मी ती आवक नोंदवहीत घेतली, शिक्का मारला आणि डब्यावर लाल कागद चिकटवला: 'तक्रारग्रस्त यंत्र'. इथे एक नियम सांगायला हवा. तक्रारग्रस्त यंत्रातून तक्रारीचा निपटारा होईपर्यंत कोणतीही नक्कल देता येत नाही आणि कोणतीही माहिती हलवता येत नाही. नियम मीच कच्चा लिहून वर पाठवला होता. तो मंजूर होऊन आला तेव्हा मी घरी पेढे नेले होते.

साडेअकराला सावित्रीकाकी आल्या. पावस गावच्या. वय अडुसष्ट, काखेत पिशवी, पिशवीत सुनावणीची नोटीस. त्यांच्या यजमानांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गडग्याच्या कडेला एक कलम लावलं होतं. यजमान गेले, कलम राहिलं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या रघूने पडलेला गडगा स्वखर्चाने पुन्हा रचून दिला. काकींनी त्याला चहा पाजला, दुवा दिला. मग त्यांच्या लक्षात आलं की गडगा नऊ हात इकडे सरकलाय आणि कलम रघूच्या बाजूला गेलंय. शुक्रवारी दुपारी बारा वाजता सुनावणी होती. आमच्या नोंदीची नक्कल दाखवली की कलम काकींचं, नाही दाखवली तर रघूचं.

विनीतने नोंद लगेच काढली. चारशे बारा. 'कलम, जात हापूस, गडग्यापासून आठ हात आत.' ती पडद्यावर स्वच्छ दिसत होती. खाली डबा कर्र, टक्, कर्र करत होता.

"छापू का?" विनीत म्हणाला. "एका मिनिटाचं काम आहे."

मी लाल कागदाकडे बोट दाखवलं.

"अवो भाऊसायब," काकी म्हणाल्या, "ती काय दिसतेय समोर. द्या की काडून."

"दिसणं वेगळं आणि देणं वेगळं, काकी. तक्रार निपटू द्या."

"कुनी केली तक्रार?"

विनीत खाली बघायला लागला.

तक्रारीच्या नमुन्यात दोन रकाने आहेत: 'यंत्र चालू' आणि 'यंत्र बंद'. यंत्र चालू असेल तर तक्रार फेटाळायची, बंद असेल तर यंत्र निर्लेखित करायचं. इतकी सोपी पद्धत इतर राज्यांत नसेल. परंतु आमचं यंत्र चालू होतं आणि मरत होतं, याला रकाना नव्हता. मी 'अन्य' लिहून वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शन मागवलं. मार्गदर्शन संध्याकाळीच आलं, ही तत्परता मी नमूद करतो. त्यात म्हटलं होतं, 'विषय आवाजाचा असल्याने प्रथम आवाज मोजावा.'

आवाज मोजायचं यंत्र तालुक्यात एकच. ते शिमग्यात आणि गणपतीत ढोलांसमोर धरतात, बाकीचं वर्षभर कपाटात असतं. शिमगा नुकताच सरला होता, म्हणून ते मंगळवारी सहज मिळालं. सोबत त्याची नियमपुस्तिका आली. मोजणी मोकळ्या जागेत, दहा मीटर अंतरावरून, वाद्य वाजत असताना करावी, असं तिच्यात होतं.

वाद्य वाजत असताना म्हणजे डिस्क चालू असताना. आम्ही लांब वायर जोडली. शिपाई धोंडू डबा दोन्ही हातांत धरून, पालखी नेतात तशा बेताने पावलं टाकत अंगणात आला. पायरीवर तो एकदा अडखळला. आतून टक्-टक्-टक् आलं आणि विनीतने डोळे मिटून घेतले. फणसाखाली स्टुलावर डबा ठेवला, दहा मीटर मोजले, मापक धरला. साहेब स्वतः बाहेर आले. बाजूच्या कार्यालयातले लोकही आले, त्यातल्या एकाने आता नमनाचा खेळ कधी सुरू होणार असं विचारलं.

मापकावर अठ्ठावन्न आलं. मात्र वर फणसावर सात कावळे होते. कावळे उडवून पुन्हा मोजलं तर मापक हलेना. सबब निष्कर्ष असा निघाला की आवाज कावळ्यांचा असून हार्डडिस्क निर्दोष आहे. कावळे आमच्या अखत्यारीत नसल्याने निष्कर्षाची प्रत माहितीसाठी वनविभागाकडे रवाना केली.

आता तक्रार मिटायला हवी होती. पण निर्दोष डिस्क खोलीत परत नेल्यावर पुन्हा कर्र, टक् सुरूच. जेवणानंतर माझा पंधरा मिनिटं डोळे मिटून विचार करण्याचा परिपाठ आहे. मंगळवारी मला विचार करता आला नाही. आवाजाविरुद्ध आता दुसरी तक्रार दाखल झाली, ती माझी होती.

काकी पायरीवर बसून होत्या. त्या रोज पहिल्या एसटीने येत आणि नारळपाण्याची बाटली घेऊन पायरीवर बसत.

"आज देतास काय?" त्यांनी धोंडूला विचारलं.

"समिती बसायची हाय, काकी."

"आनि उटायची कधी?"

समिती बुधवारी बसली. साहेब अध्यक्ष, मी सचिव, विनीत तांत्रिक सदस्य, धोंडू व्यवस्थेसाठी. विनीत उभा राहून म्हणाला, "साहेब, प्रश्न आवाजाचा नाहीच आहे. आवाज राहू दे. फक्त आतलं वाचवू या. तीन तास पुरे."

साहेबांनी विषयपत्रिका पाहिली. विषय एकच होता: 'आवाजाबाबत'. आतल्या नोंदींबाबत विषय नव्हता. आयत्या वेळच्या विषयाला अध्यक्षांची पूर्वपरवानगी लागते आणि अध्यक्ष बैठकीत असल्यामुळे ती घेता येईना.

तेवढ्यात धोंडू म्हणाला, "सायब, रागावनार नसाल तर बोलतंय. नवी वस्तू आली, नारळ नाय ठेवलात. देवाला गाऱ्हानं नाय घातलंत. आमच्या संगमेश्वराकडं नवी म्हस आनली तरी गाऱ्हानं घालतंव."

सगळ्यांच्याच मनातलं होतं ते. टेबलावर नारळ ठेवला, उदबत्ती लावली. धोंडूने हात जोडले आणि त्याचा आवाज एकदम घुमायला लागला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या हापिसात जी काय करकर चालू झालीय..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ती कुनाच्या वायट नजरेनं आसंल, कुनाच्या हातच्या चुकीनं आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

"ती करकर तू गप कर, आनि सायबांना, भाऊसायबांना सुखानं चार घास खाव दे!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा होकार फार जोरात आला, म्हणून मी मागे पाहिलं. विनीतनेही हात जोडले होते. दारात सावित्रीकाकी उभ्या होत्या, त्यांनीही डोळे मिटून हात जोडले होते आणि सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा त्याच म्हणाल्या होत्या. गाऱ्हाणं चालू असताना आमच्याकडे कुणी गप्प राहत नाही. काय मागितलंय ते नंतर ध्यानात येतं.

मी इतिवृत्त लिहिलं. 'ठराव क्रमांक एक: करकर गप करण्यात यावी. सूचक: धोंडू. अनुमोदक: सर्व, अर्जदार महिलेसह. एकमताने मंजूर.' एवढा स्पष्ट ठराव मी माझ्या सेवेत पाहिला नव्हता.

गुरुवारी अंमलबजावणी. धोंडूने घरून गोधडी आणली. डिस्कचा डबा गोधडीत गुंडाळला, वर सुंभ आवळला, लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लावलं. वायर फटीतून बाहेर. तरी बारीक टक् येत होतं, म्हणून दुसरी गोधडी. एप्रिलचा उकाडा असा की माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"भाऊसाहेब," विनीत हात जोडून म्हणाला, "जीव गुदमरेल तिचा. मी पाया पडतो तुमच्या."

काकी खिडकीशी आल्या. त्यांनी गुंडाळताना सगळं पाहिलं होतं.

"मी काय म्हनतंय," त्या म्हणाल्या, "गोठ्यात गाय हंबरली तर आमी उटून बगतंव तिला काय झालं तं. तिच्या तोंडाला गोनपाट नाय बांदत."

"काकी, ठरावाला तुमचं अनुमोदन आहे," मी म्हणालो आणि इतिवृत्त दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं. मग चष्मा काढला आणि पायरीवर जाऊन बसल्या.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आवाज थांबला. कार्यालयात इतकी शांतता पसरली की पंखा ऐकू आला. मी डोळे मिटून पंधरा मिनिटं विचार केला, थोडा जास्तच. साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनी माझ्याशी हात मिळवला. धोंडूने नारळ फोडून खोबरं वाटलं. विनीत एकटा कपाटाला कान लावून उभा होता, त्याने खोबरं घेतलं नाही.

शुक्रवारी दहा वाजता मी तक्रारीवर 'निपटारा झाला' असा शेरा मारला आणि लाल कागद स्वतःच्या हाताने काढला. काकींना आत बोलावलं, खुर्ची दिली. नियम संपला की माझ्यासारखा मदत करणारा माणूस नाही.

"दे रे विनीत, चारशे बारा."

विनीतने गोधड्या सोडल्या, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डबा गप्प होता. पडदा काळा होता. त्या काळ्या पडद्यात काकींचा चेहरा दिसत होता आणि त्या नोंद येईल म्हणून त्याकडे बघत होत्या.

"येतेय काय?" त्यांनी विचारलं.

विनीतने वायर काढून पुन्हा लावली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. काकी रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पिशवी उचलली आणि रिकाम्या हाताने सुनावणीला गेल्या. कलम रघूचं ठरलं.

निर्लेखनाला मात्र काही अडचण आली नाही. यंत्र आता स्पष्टपणे 'बंद' या रकान्यात बसत होतं. वरिष्ठ कार्यालयाने आम्हाला 'शांत कार्यालय' म्हणून प्रशस्तिपत्र दिलं, ते खिडकीशेजारी लावलं आहे. विनीतचं कंत्राट वाढलं नाही, कारण मूळ तक्रार त्याची होती. मे महिन्यात रघूने कार्यालयाला आंब्यांची एक पेटी आणून दिली. झाड जुनं आहे, पण फळ अजून फार गोड. सालीला किंचित केशरी झाक, आणि बाठ लहान. मी चार खाल्ले.

सावित्रीकाकी अजून येतात. पूर्वी पायरीवर बसत, आता खिडकीत उभ्या राहून ओरडतात. बाहेर रस्त्यावर माणसं थांबून बघतात. आम्ही मापक मागवलाय. मोकळ्या जागेत, दहा मीटरवरून मोजणार आहोत. धोंडूला मी म्हटलंय, गोधड्या धुऊन ठेव.

जाता जाता तुमच्याबद्दल. तुमच्या आजोबांनीही गडग्याच्या कडेला एखादं कलम लावलं असेल. तुम्ही मुंबईला असाल, पुण्याला असाल, मे महिन्यात चार दिवस येऊन आंबे खाऊन जात असाल. त्याचीही नोंद त्याच डिस्कवर होती. ती आहे का, कुठे आहे, असं तुम्ही एकोणतीस वर्षांत एकदाही विचारायला आला नाहीत. आता हे वाचूनही येणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तुमच्या नावापुढे मी आवाजाच्या रकान्यात शून्य लिहिलं आहे. कार्यालय आपलं आभारी आहे.