मेंढा तिसरीत बसला

धुळाआबांना नातीच्या शाळेचं भारी कुतूहल. त्यांचं स्वतःचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं, शाळेचं दार त्यांनी बाहेरूनच पाहिलेलं. त्यामुळं सोनियानं दप्तर टेकवायचा अवकाश, आबांची चौकशी सुरू व्हायची.

“आज काय शिकिवलं गं?”

“गणितात मोजमाप, परिसरात पाळीव प्राणी, इंग्रजीत शरीराचे भाग. आन उद्या घरातली कायतरी एक वस्तू न्यायची हाय. क्रांती मॅडम सगळे विषय तिच्यावरच शिकवणार हायत्या.”

“तांब्या ने,” चुलीपुढून रंगुआजी म्हणाल्या.

तांब्याला शेपूट कुठलं? आबांची नजर दाराशी बांधलेल्या मेंढ्यावर गेली. त्याचं नाव पैलवान. आटपाडीच्या जत्रेत त्याचा पहिला नंबर यावा म्हणून आबांनी वर्षभर स्वतः कोरा चहा पिऊन त्याला दूध पाजलं होतं. सकाळीच रिठ्यानं धुऊन पांढराशुभ्र केला होता.

“आवं, परवा जत्रा हाय,” आजींनी बजावलं. “डाग पडला म्हंजी?”

“शाळंत कसला डाग पडतुया? मी हाय की संगट.”

दुसऱ्या दिवशी पैलवान तिसरीच्या वर्गात दाखल झाला. मॅडम आधी दचकल्या, मग खूश झाल्या. गणिताला पोरांनी टेप लावून त्याची लांबी-उंची घेतली. परिसरच्या तासाला तो काय काय खातो ते लिहून काढलं. इंग्रजीला मॅडमनी ‘नोज’, ‘इयर’, ‘बॅक’, ‘टेल’ अशा चिठ्ठ्या वाटल्या आणि ज्या त्या जागी चिकटवायला सांगितल्या. तेवढ्यात तालुक्याहून फोन आला. कसलीशी माहिती आत्ताच्या आत्ता हवी होती. मॅडम रेंज शोधत मैदानात गेल्या.

इकडं चिठ्ठी चिकटवली की पैलवान अंग झाडायचा आणि खाली पडलेली चिठ्ठी खाऊन टाकायचा. पोरं हैराण झाली. पण पोरं धनगरांची. कळपात मेंढरं मिसळू नयेत म्हणून त्यांच्या अंगावर कशानं खूण करतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सोनिया पळत घरी गेली आणि लाल रंगाचा डबा घेऊन आली. हा रंग लोकर कातरेपर्यंत जात नाही.

आणि राखणीला आलेले आबा? ते खिडकीपाशी पृथ्वीचा गोल फिरवत बसले होते. एवढ्या पाण्यात माणसं मेंढरं चारतात तरी कुठं, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा पैलवानाच्या अंगभर लालभडक इंग्रजी झालं होतं.

मॅडम रडकुंडीला आल्या. घरी रिठा संपला, साबण संपला. रंगुआजींचं बोलणं तेवढं संपलं नाही. तरी आबा जत्रेला निघाले. वर्षभराचं दूध काय वाया घालवायचं? टेम्पोत वाटभर ते सोनियाला एकेक शब्द विचारत होते.

जत्रेत पैलवानाभोवती ही गर्दी जमली. पंच जवळ आले.

“आबा, ह्ये काय लिवलंय?”

आबांनी बोट ठेवून सांगितलं, “नोज. इयर. बॅक.” मग शांतपणे मागं जाऊन म्हणाले, “टेल.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांची छाती फुगली. पंचांनी सहज पैलवानाच्या पोटावर हात ठेवला.

“आन ह्येला?”

तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. आबांनी सोनियाकडं पाहिलं, सोनियानं खाली पाहिलं. नंबर दुसऱ्याच मेंढ्याला गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली तर आबा पैलवानाला घेऊन दारात उभे. मॅडम लगबगीनं पुढं आल्या.

“आबा, माझ्यामुळं तुमचा नंबर गेला. लय वाईट वाटतंय मला.”

“नंबराचं ऱ्हाऊ द्या मॅडम, जत्रा फुडल्या साली बी हाय,” आबा शेवटच्या बाकावर टेकत म्हणाले. “पर पोटाला काय म्हणत्यात, त्येवढं आज शिकवा. चारचौघांत आडलो बगा.”

आणि खांद्यावरच्या घोंगड्यातून त्यांनी लाल रंगाचा नवा डबा काढून बाकावर ठेवला.