गव्हाला थांबा न्हाय

आमच्या कॉफी शॉपच्या मागच्या गल्लीत एकादशी कवा हाय हे खुद्द भटजी विसरलं, तर ते यशवंत तात्यास्नी इचारायचं. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, सगळं तात्यांच्या तोंडपाठ. आणि गंमत अशी की तात्या बौद्ध. घरात उपास न्हाय, व्रत न्हाय, कुठल्या देवाला नारळ न्हाय. विहारातली माणसं चिडवायची, "काय तात्या, आज कुठली एकादशी?" तात्या मान ताठ ठेवून सांगायचं, "उपास माझा न्हाय. उपास गव्हाचा हाय. आज अख्ख्या कोल्हापुरात गव्हाला थांबा न्हाय."

ही गोष्ट दोन हजार चार-पाच सालातली. मी मुरगूडचा. बारावी पास झालो, पण ते आमच्या मास्तरास्नी अजून पटलेलं न्हाय. अंगात कला एकच, नकला. हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्ख्या शाळेला सुट्टी दिलती. ह्या भांडवलावर मला राजारामपुरीत एका नव्या कॉफी शॉपच्या काउंटरवर नोकरी लागली. मालक रोहनदादा, कागलचा. पुण्याला शिकाय गेलता, त्यो सोफा, एसी आणि काचंचं कपाट डोक्यात घेऊन माघारी आला. लोक आत यायचं, सोफ्यावर टेकायचं आणि इचारायचं, "मिसळ हाय न्हवं?"

तात्या पहिल्यांदा आलं ते दोन्ही बाजूच्या खुर्च्यांच्या पाठी धरत धरत आलं. आमची फरशी काय हालत नव्हती, पण माणूस एस्टीत कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. कवा ब्रेक लागंल नेम न्हाय. काउंटरपाशी येऊन त्यांनी बोटातली अंगठी काचंवर वाजवली. टिंग टिंग.

"कुठलं पावणं?"

"मुरगूडचा."

"मग मुरगूड, मला सांग, ह्या गाडीत कोण कोण बसलंय?"

मला वाटलं गिऱ्हाइकं इचारायलेत. म्हणलं, "दोन कॉलेजची पोरं आणि एक इन्शुरन्सवालं..."

"ते न्हवं रं. ह्यात." बोट पेस्ट्रीवर.

"मैदा, साखर, लोणी, अंडं..."

"मैदा म्हंजे गव्हाचा सख्खा पोरगा. उतरव. पुढचं?"

पफ उतरला. ब्राउनी उतरली. बिस्किटं रांगंनं उतरली. सँडविच तर चढायच्या आधीच उतरलं. शिंगाच्या आकाराचा एक फ्रेंच पाव हुता, ज्याचं नाव मालकाला, मला आणि गिऱ्हाइकाला कुणालाच धड घेता येत नव्हतं. त्योबी उतरला. शेवटाला काचेत शोभेला ठेवलेली लिंबाची फोड तेवढी राहिली.

"समदी गाडी गव्हानं भरलीया की," तात्या म्हणलं. "एक कॉफी दे. ती तरी एकटी प्रवास करती."

आत पडद्यामागनं रोहनदादा हे सगळं बघत हुता. त्याला वाटलं, भेसळ तपासायला साहेब आलाय. त्यो बाहेर येऊन हात जोडून उभा ऱ्हायला. "साहेब, काय चुकलंय काय?"

"मी साहेब न्हाय. तू कुठला?"

"कागल."

"हां. कागल शेठ, आमच्या मंडळीला गहू चालत न्हाय. एक घास पोटात गेला तर चार दिस हातरुणात. डाक्टरनं त्याला कायतरी नाव सांगितलंय, ग्लुटेन का काय. तिला एकदा हितं आणून बसवायची हाय. ही काच बघून तिनं बोट दाखवायचं, ह्यो दे म्हणून. बास. एवढी एक सीट मिळती काय बघाय आलतो."

ग्लुटेन हा शब्द तवा मुरगुडात कुणाच्या बापानं ऐकला नव्हता. मी वहीत लिहून घेतला तर रोहनदादाला वाटलं कुठल्या तरी परदेशी पाहुण्याचं नाव हाय.

मग तात्या रोज सकाळी येऊ लागलं. माणसाला नावानं हाक मारायची न्हाय, त्याच्या थांब्यानं मारायची, ही त्यांची रीत. मी मुरगूड, मालक कागल. कॉफी प्यायला येणारे एक प्रोफेसर हुते, त्यांस्नी 'गारगोटी' म्हणलं की बिचारे खरंच वळून बघायचे. बायकोलाबी तात्या चंदगड म्हणायचं. "चंदगड आज जरा नाराज हाय." "चंदगडला आज ताप हाय." नवीन माणसाला वाटायचं पेपरात कायतरी आलंय. त्यांची मंडळी, आमची अक्का, खरंच चंदगडाकडची. तात्या त्याच रूटवर हुतं, आणि लगीनबी रूटवरच जमलं. "एकच प्याशेंजर आमचं तिकीट न काढता बसलं," ते सांगायचं, "ते अजून उतरलं न्हाय."

गहू म्हंजे तात्यांच्या लेखी विनातिकीट प्रवासी. कुठंबी लपून बसतोय. एकदा मी म्हणलं, तात्या, बटाट्याची भाजी तरी निर्धास्त खावा. तर म्हणलं, "हिंग कुठला हाय? डबीवर वाच. हिंगात पीठ मिसळत्यात. मागच्या दारानं चढतोय त्यो, मला ठावं हाय." स्वतः तात्यांस्नी गव्हाचा काय एक त्रास न्हाय. पण त्यांनी पुरणपोळी सोडली, चपाती सोडली, लग्नातली जिलेबीसुदिक सोडली. "गाडी एक, तिकीट एक." आणि म्हणून त्या एकादश्या. त्या दिवशी गावात साबुदाणा वडा, राजगिऱ्याची चिक्की, वरीचा भात, सगळीकडं गव्हाबिगर माल. तात्या पिशवी घेऊन निघायचं आणि एकादशी-दुप्पट-खाशीतला दुपटीचा माल बांधून घरी न्यायचं. घरीच. अक्का काय कधी बाहेर दिसायची न्हाय.

रोहनदादानं तात्यांचं काम मनावर घेतलं. तांदळाच्या पिठाचा केक करायचा. पहिला केक भट्टीतनं काढला तवा ताटलीवर असा आवाज झाला की बाहेरची गिऱ्हाइकं उठून उभी ऱ्हायली. त्यानं नारळ फुटला असता. दुसरा एवढा भुसभुशीत की सुरी लावल्यावर केक न राहता रांगोळी झाली. तात्या दोन्ही वेळंला हजर. पहिला हातात घेऊन म्हणलं, "ह्यो घाटात चाकाखाली लावाय बेस हाय." मग त्यांनीच चंदगडच्या एका जुन्या ड्रायव्हरकडनं काजू मागवलं. काजूचा कूट घातला आणि केक जमला. खरंच जमला. मऊ, खमंग. मी आणि रोहनदादानं चाखून चाखून निम्मा संपवला आणि मग आठवलं, ह्यो आपल्यासाठनं न्हवता.

दुसऱ्या दिवशी रोहनदादानं सगळी तयारी केली. पुण्याच्या मित्राकडनं फोनवर नीट माहिती काढलेली. दुसऱ्या मालाचा मैदा उडून लागू नये म्हणून येगळा डबा. येगळी सुरी. पिवळी धमक येगळी बशी, तिच्या जोडीला पिवळाच कप, आणि त्यावर चिठ्ठी, 'फक्त अक्कांसाठी'. तात्या आलं. रोहनदादा एखाद्या नवऱ्या मुलाच्या बापासारखा हासत उभा.

तात्यांनी बशी उचलली. उलटी केली, सुलटी केली. "ही येगळी कशाला, शेठ?"

"तात्या, दुसऱ्या बशीला मैदा लागलेला असतोय न्हवं? उगं धोका नको."

"बरोबर हाय," तात्या म्हणलं. "शंभर टक्के बरोबर हाय तुझं." बशी खाली ठेवली. "पर समद्या गाडीलाच गहू नको असं न्हाय जमायचं?"

"तात्या, मग दुकान कशावर चालवू?"

"तेबी खरंच." आणि गेलं. अंगठी वाजवली न्हाय. खुर्च्यांच्या पाठीबी धरल्या न्हाईत, सरळ चालत गेलं, ते मला लई वंगाळ वाटलं.

मग तात्या यायचंच बंद झालं. गिऱ्हाइकं इचारायची, कंडक्टर कुठं हाय? मी तात्यांचा आवाज काढून "पुढं सरका, मागं जागा हाय" म्हणायचो, पण खरं माणूस नसलं की नकलंला चव येत न्हाय. शेवटाला एका दुपारी केक डब्यात घालून मी त्यांच्या घरी गेलो.

दार अक्कानं उघडलं. बारीक चणीची, चष्म्यातनं माणसाला आरपार बघणारी. "तूच न्हवं ह्यांची नक्कल करतोस? ये आत. करून दाव."

तात्या आतल्या खोलीत जुनी तिकिटाची पेटी पुसत बसलेलं. त्यांच्या समोरच त्यांची नक्कल करायची. मी म्हणलं, जाऊदे, काय हुईल ते हुईल. भिंतीला धरत धरत चाललो, कपाटावर टिंग टिंग वाजवलं, "मैदा म्हंजे गव्हाचा सख्खा पोरगा, उतरव" म्हणलं. अक्का पदराचा बोळा तोंडात कोंबून हसली, डोळ्यांतनं पाणी आलं तिच्या. तात्या म्हणलं, "मी एवढा वाकून चालत न्हाय." अक्का म्हणाली, "ह्येच्यापक्षा वाकून चालतायसा."

मग तिनं डबा उघडला आणि उभ्यानंच एक तुकडा खाल्ला. "ग्वाड झालाय. काजू आमच्याकडचा हाय. घरात रोज दिलास तरी खाईन. पर तिथं येऊन येगळ्या बशीत न्हाय खानार."

"अक्का, ती तब्येतीसाठनं..."

"ठावं हाय रं. डाक्टर खरं बोलतोय, तुझा मालकबी खरा हाय. ऐक. मी एवढीशी असताना बा मला बाजारला न्यायचा. तिथं चहाचं हाटेल हुतं. आमचा कप बाहीर खांबाच्या खिळ्याला. आपला आपण काढायचा, त्यो वरनं चहा वतायचा. पिऊन झाला की आपणच इसळायचा, परत खिळ्याला. मी बाला म्हनलं, मोठी झाल्यावर मी येगळ्या कपातनं पिनार न्हाय. बा हसला." अक्काबी हसली. "आता बघ. सगळं बदललं, पोरगा साहेब झाला, कुनी कुनाला जात इचारत न्हाय. आणि माझंच पोट म्हनतंय, येगळं ठेवा हिला. पोटाला कोन सांगनार?"

तात्या पेटी पुसतच म्हणलं, "म्हणून तर मी एकादश्या मोजत बसतोय, मुरगूड. त्या दिवशी समदी गाडी सारखी."

मी तसाच पळत शॉपात आलो आणि रोहनदादाला तात्यांच्या आवाजात म्हणलं, "कागल शेठ, पुढची एकादशी कवा हाय?"

रोहनदादाला आधी भावना पटली आणि लगेच धंदाबी पटला. एकादशीला आमच्याकडं नायतरी माश्याच बसायच्या. आदल्या दिवशी सकाळीच आम्ही दुकान बंद ठेवलं. भट्टी घासली, ट्रे उकळत्या पाण्यातनं काढले, सुऱ्या, बश्या, कपाट, फडकी, सगळं. पिवळी बशी आणि कप रोहनदादानं झाडाच्या कुंडीखाली लावले. तात्या देखरेखीला. वाकून वाकून फटीत बघायचं आणि म्हणायचं, "हितं एक बसलाय बघ. काढ त्याला."

एकादशीला दाराबाहेर फळा लावला, 'आज सगळं उपासाचं'. काचेत साबुदाणा वडा, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस, आणि मधी राजगिऱ्याचा केळं घातलेला केक. कोल्हापूरच ते. उपास म्हणल्यावर लोकास्नी दुप्पट भूक लागलेली. दहा वाजता बसाय जागा न्हाय.

तात्या आलं. मागं अक्का, इस्त्रीची जांभळी साडी नेसून. दोघंबी खुर्च्यांच्या पाठी धरत आली. अक्कानं आधी काच बघितलीच न्हाय. आधी सगळ्या टेबलांवरच्या बश्या बघितल्या. पांढऱ्या. मग रचून ठेवलेल्या बघितल्या. पांढऱ्या. मग चष्मा सारखा केला आणि काचंवर बोट ठेवलं.

"ह्यो दे. आणि त्यो पन. आणि त्यो गोल कसला हाय, त्यो पन."

"चंदगड, बेतानं," तात्या म्हणलं.

"तुमी गप बसा."

जागा नव्हती म्हणून दोघं दुसऱ्या बायकांच्या टेबलावर बसली. त्यातल्या एकीनं इचारलं, "तुमचापन उपास व्हय?"

"न्हाय बाई," अक्का म्हणाली, "माझं जेवान हाय." सगळं टेबल हसलं. त्या बायकांनी मग तिला वडा तेलकट कसा, कीसात मीठ कमी कसं, असल्या सगळ्या चर्चंत ओढून घेतलं आणि तात्यांस्नी बोलाय कुणी थांबाच दिला न्हाय.

कॉफी संपली. अक्का उठली आणि हातात रिकामा कप घेऊन हिकडं तिकडं बघाय लागली. मला कळलं न्हाय काय पायजे. तात्यांस्नी कळलं. त्यांनी तिच्या मनगटाला नुसतं बोट लावलं. "ठेव की."

अक्का जरा वेळ उभीच. मग तिनं कप टेबलावर ठेवला, बाकीच्या कपांच्या मधी, तसाच, तळाला कॉफी आणि काठाला साय लागलेला. आणि मागं न बघता चालाय लागली. तात्यांनी जाता जाता काचंवर अंगठी वाजवली. टिंग टिंग.

मी टेबल आवराय गेलो. सगळे कप ट्रेमधी गोळा केले आणि आत घासाय नेले. त्यातला अक्काचा कुठला, कुणी इचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं.