शिल्लक गोळ्यांचे सार्वजनिक मंडळ

लालबागच्या आमच्या चाळीत अन्न आणि औषध टाकून देणे हे पाप समजले जाते. त्यामुळे जरा बरे वाटले, की उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या रमाबाईंच्या बिस्किटाच्या डब्यात जमा करायच्या, असा ठराव सर्वानुमते मंजूर आहे. रमाबाईंनी वैद्यकाची पदवी घेतलेली नाही. पण गुलाबी गोळी जखमेला, पिवळी घशाला आणि कॅप्सूल पाहुण्यांना, हे त्यांचे शास्त्र पक्के.

गणपत हा आमच्या भाडेकरू संघाचा सेक्रेटरी. 'जागा सोडणार नाही' या एका वाक्यावर त्याने हयात काढली. एकदा नारळ खवून उठताना विळी कलंडली आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडली. जखम पिकली. रमाबाईंनी गुलाबी गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ठणका थांबला, तशा त्याने उरलेल्या गोळ्या बाणेदारपणे डब्यात परत केल्या. अंगठा पुन्हा सुजला. मग पिवळ्या. पुन्हा बरे, पुन्हा परत. त्यानंतर मात्र अंगठ्याचे रताळे झाले, आणि उरलासुरला डबाही पोटात गेला.

"मेल्या, डबो रिकामो केलंस!" रमाबाई म्हणाल्या. "आता डॉक्टरणीकडे जा."

डॉक्टर सॅन्ड्रा मूळची खोताच्या वाडीतली, दवाखाना परळला. तिने पू तपासायला पाठवला. तीन दिवसांनी अहवाल आला, आणि सोबत त्या पुवातले जंतू वाढवलेली काचेची बशी.

"गणपतराव, नेहमीची सगळी औषधं ह्या जंतूंवर फेल. अंगठा कापायची वेळ येऊ शकते."

"अंगठा? अहो, मी मोर्च्यात पुढे चालतो!"

खोटे वाटेल, पण तेवढ्यात टेबलावरच्या त्या बशीतून घोषणा आली. मी शेजारीच बसलो होतो. शपथ घ्या म्हणाल तर घेतो.

"आम्ही या अंगठ्याचे जुने रहिवासी! गोळ्यांचं पाडकाम पथक यायचं आणि अर्ध्यातच चहाला जायचं. लेचेपेचे मेले. टिकले त्यांच्याकडे औषधाच्या डावपेचांवर तोड होती. ती त्यांनी पोराबाळांना दिली, शेजारच्या जंतूंना तिच्या नकला वाटल्या. आता जागा सोडणार नाही!"

गणपतचे डोळे भरून आले. "वा! काय संघटना आहे!"

"कौतुक काय करताय? अंगठा तुमचा आहे!"

"हो, पण डॉक्टर, इतकी वर्षं मी आमच्या सभासदांना हेच सांगतोय. एक ऐकत नाही."

सुईतून द्यायचे एकच राखीव औषध उरले होते. "यालाही ते सरावले, तर माझ्याकडे पुढचं काही नाही," सॅन्ड्राने बजावले. "बरं वाटलं तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

दोन सुयांतच गणपतला बरे वाटले आणि तो दवाखान्यातल्या खाटेवरून उठून शर्ट घालू लागला. रमाबाईंनी दारातच ठिय्या दिला. "बस खाली, मेल्या!" कोर्स पूर्ण झाला. अंगठा वाचला.

निघताना गणपतने जुन्या सवयीने बशीतल्या पुढाऱ्याला विचारले, "तुमच्या बेघर झालेल्या लोकांची ट्रान्झिट कॅम्पची काय सोय?"

"केव्हाच झाली. एक सुशिक्षित घर मिळालंय. साध्या सर्दीलाही तिथे अँटिबायोटिक, आणि नाक वाहायचं थांबलं की बंद. पोरांचं शिक्षण घरच्या घरी!"

मी पत्ता विचारला. त्याने तुमचा सांगितला.

मी म्हटले, "शक्य नाही. वाचणारी माणसं आहेत ती."

तो म्हणाला, "मग फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या मागे ती अर्धी स्ट्रिप कोणाची, तेवढं विचारा त्यांना."