डब्यातल्या सुपाविना हॉटडिश

मंडळी, मिनेसोटात हॉटडिश न आवडणारा माणूस अजून जन्मायचाय! खाली खिमा आणि फरसबी, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या, आणि सगळ्यांना धरून ठेवायला डब्यातलं मशरूमचं सूप. पण त्या सुपात गव्हाचं पीठ असतं, आणि आमची नवी सून टेस हिला गहू बाधतो. चर्चच्या जेवणात पंचवीस पदार्थांसमोर बसून ती पर्समधलं केळं खायची. मला ते बघवेना.

"त्यात काय मोठंसं? सूप मी घरी करतो!" मी जाहीर केलं.

"अहो ऑरिन, तुम्ही आजवर साधं अंडं तरी उकडलंत का?" माझी बायको आर्डिस म्हणाली.

पहिल्यांदा मी तांदळाचं पीठ घातलं, जरा सढळ हातानं. पळी पातेल्यात ताठ उभी राहिली! अन्न टाकायचं नाही म्हणून आर्डिसनं त्याचीही हॉटडिश करून गॅरेजमध्ये ठेवली. फेब्रुवारीत आमचं गॅरेज फ्रीजपेक्षा गार. दुसऱ्यांदा गरम दुधात कॉर्नफ्लॉवर ओतलं, तर गुठळ्याच गुठळ्या! तिसऱ्यांदा लोण्यात मशरूम परतले, कॉर्नफ्लॉवर गार दुधात कालवून घातलं, आणि काय सांगू, रेशीम!

रविवारी चर्चच्या तळघरात मी पॅन मांडला आणि पुढे पाटी लावली : 'यात गहू नाही.' मग मनात आलं, कुणी हातच लावला नाही तर पोरीला किती एकटं वाटेल! स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्हर्नाच्या कानात मी म्हटलं, "सगळ्यांना सांग, थोडं थोडं घ्या."

व्हर्नाच्या कानात सांगणं आणि भोंग्यावरून ओरडणं सारखंच.

टेस म्हाताऱ्यांना कॉफी देत होती, ती शेवटी आली. पॅनमध्ये टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा! आमच्याकडे शेवटचा घास कुणी घेत नाही. अर्धा कापून अर्धा ठेवतात. त्या तुकड्याचे निदान दहा वेळा अर्धे झाले होते.

"टेस, घे बाळ," मी कसंनुसं म्हटलं.

"बाबा, नाही चालणार हो. हाच चमचा शेजारच्या गव्हाच्या नूडल्समध्ये फिरलाय." तिनं हसून पर्स उघडली. केळं!

मी भडकलो. "एवढं खाल्लं तरी कुणी?"

व्हर्नानं नुसतं माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. डोंगर होता. "अगं, तिला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून..." मी पुटपुटलो.

तेवढ्यात आर्डिस गाडी काढून घरी गेलीसुद्धा! गॅरेजमधला तो पहिला पॅन आला, ओव्हनमध्ये गेला, आणि वाफाळत टेसपुढे आला. व्हर्ना नवाकोरा चमचा घेऊन पहारा देत उभी. "कुणी जवळ याल तर याद राखा!"

टेसनं घास घेतला. अख्खं तळघर श्वास रोखून बघत होतं.

"बाबा! वरून कुरकुरीत आणि आत मऊ, चिकट... अप्रतिम!" तिचे डोळे भरले. "चर्चमध्ये गरमागरम जेवले, सात वर्षांनी!" तिनं दोनदा वाढून घेतलं. मला इतका आनंद झाला की मीही डोळे पुसले.

"रेसिपी द्या ना," ती म्हणाली.

मी ऐटीत खिशातला, वर 'तिसरा पॅन' लिहिलेला कागद काढून दिला. तिनं वाचला. "ही तर तिसऱ्या पॅनची. मला ह्याची हवीय!"

आता काय सांगू, मंडळी? ती मी लिहूनच ठेवली नव्हती. त्यातल्या उरलेल्या सुपानं मी हॉलचा सुटलेला वॉलपेपर चिकटवला होता.