बाबासोमामांचा पसंतीक्रम

चूक बाबासोमामांची होती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात आणि जुईनगरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत सध्या ती माझी आहे असं चाललंय. माझी पाच टक्के धरा. (माझी बहीण वीस म्हणते. तिला दहावीला एक्क्याण्णव पडलेत, त्यामुळं टक्क्यांच्या बाबतीत घरात तिचाच शब्द चालतो.)

ही बहीण म्हणजे उत्कर्षा. मी विश्वजित, वय बावीस, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलेला. का सोडलं ते विचारू नका, सगळ्या नातेवाइकांचं आळीपाळीनं विचारून झालंय. मला बारावीनंतर याच बाबासोमामांनी सांगितलं होतं, "मेकॅनिकल घे, मेकॅनिकलला मरण न्हाय." बरोबर होतं. मरण मेकॅनिकलला नव्हतं, मला होतं. गेलं वर्षभर मी रबाळ्यात अंकुशदादाच्या हाताखाली कोल्ड स्टोरेजचे कंप्रेसर दुरुस्त करत होतो आणि आपण नेमकं काय करतोय हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. घरी याला "सध्या घरीच असतो" असं म्हणायचे.

उत्कर्षाला हवं होतं वाशीचं एक कॉलेज. शाळेनं एकदा तिथली लॅब बघायला नेलं होतं. तिथं कुणीतरी तिला मायक्रोस्कोपखाली दह्याचा थेंब दाखवला आणि पोरगी बिघडली ती बिघडलीच. तेव्हापासून तिला जंतूंचा अभ्यास करायचाय. त्या कॉलेजला गेल्या वर्षी एकोणनव्वदला शेवटची मुलगी लागली होती. म्हणजे जागा हातात होती. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिल्या पसंतीच्या चौकोनात ते नाव टाकायचं, लॉक करायचं, संपलं. पाच मिनिटांचं काम. कंप्रेसरचा बोल्ट काढायला जास्त वेळ लागतो.

पण आई म्हणाली, "फॉर्म तेवढा बाबासोदादाला भरू दे. त्याला बरं वाटेल."

एवढंच. त्याला बरं वाटेल. आमच्या घरातली सगळी वाटोळी याच वाक्यानं सुरू झालीत.

मामा हे आईचे थोरले भाऊ. साताऱ्याकडच्या लोकांचं इथं जे रहिवासी मंडळ आहे त्याचे तीस वर्षं सरचिटणीस. या तीस वर्षांत त्यांनी हळदीकुंकू, रक्तदान, गुणगौरव मिळून हजारभर कार्यक्रम घेतले असतील आणि प्रत्येकात स्वतः स्टेजवर बसले असतील. रक्तदानातसुद्धा. रक्त दिलेलं मी पाहिलेलं नाही.

यंदा त्यांनी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'दहावीनंतर पुढे काय? भव्य करिअर मार्गदर्शन शिबिर' लावलं. मला माईक सांभाळायला बसवलं. सकाळी दहाचं शिबिर अकरा वीसला सुरू झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग नऊ पाहुण्यांचे सत्कार. सत्कार करणाऱ्यांचे नंतर वेगळे सत्कार. खाली चाळीस पोरं आपल्या आयुष्याचं काय होणार ते कळायची वाट बघत घामाघूम होऊन बसलेली, आणि स्टेजवर शालींची देवाणघेवाण.

मला कोणीतरी चुकून कार्यक्रमपत्रिका वाचायला दिली आणि मी बेलापूरहून आलेल्या करिअर तज्ज्ञांचं नाव आधी पुकारलं. म्हटलं, ज्यांच्यासाठी पोरं आलीत ते आधी बोलू देत. मामा माझ्या अंगावर धावून आले.

"आरं, अक्कल हाय का? मोठा माणूस आधी बोलवतात व्हय?"

"मग कधी?"

"शेवटी! आधी बारकी-सारकी उरकायची, मग मधली, मग प्रमुख पाहुणं, आन् अध्यक्ष सगळ्यात शेवटी. मान शेवटी असतो. तीस वर्षं करतुय हे."

त्याप्रमाणे बारकी-सारकी उरकली. त्यातल्या एका रिटायर गृहस्थांनी आपण आयुष्यात किती कष्ट केले ते पन्नास मिनिटं सांगितलं. आम्ही ऐकायचे कष्ट केले. मामांनी बोलता बोलता माझ्याकडं बोट करून, "वेळेवर मार्गदर्शन घेतलं न्हाय की काय होतं, त्याचं उदाहरण इथं माईकपाशी उभं हाय," असंही सांगून टाकलं. (टाळ्या पडल्या. माईक माझ्याच हातात होता, बंद करता आला असता. सुचलं नाही.) तज्ज्ञांना शेवटी अकरा मिनिटं मिळाली. त्यांनी "पॅशन फॉलो करा" असं चार वेळा सांगितलं. एका मुलीनं पसंतीक्रम कसा भरायचा म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, "प्रश्न शेवटी." शेवटी जेवण होतं.

जेवणानंतर मामा गळ्यातली शाल तशीच ठेवून आमच्या घरी आले आणि लॅपटॉपसमोर बसले. उत्कर्षानं स्वतःच्या अक्षरात पाच कॉलेजांची यादी करून ठेवली होती, वाशी सगळ्यात वर. तेवढ्यात शेजारच्या राहीबाई तिला ओवाळायला घेऊन गेल्या. सोसायटीतल्या गुणवंतांना घरोघरी ओवाळायचं असं बायकांचं ठरलं होतं. म्हणजे बघा, मुलीच्या कपाळाला कुंकू लावायला चौदा घरं तयार, आणि तिचा फॉर्म भरताना ती स्वतः घरात नाही.

जाताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "दादा, तू बघशील ना?"

"बघतो," मी म्हटलं.

मग मी खुर्ची ओढून मामांच्या शेजारी बसलो. "मामा, मी भरतो. मला माहितीये हे."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू भरणार? स्वतःचा भरला हुतास की. काय झालं त्याचं?"

"तो तुम्हीच सांगितलेला भरला होता."

"दाजी, बघा, पोरगं उलट बोलतंय."

दाजी म्हणजे माझे पप्पा, धनाजी. मार्केटात मापाडी आहेत, दिवसभर दुसऱ्यांचा कांदा तोलतात, त्यामुळं घरी आले की त्यांना कुठल्याच बाजूनं काटा हललेला आवडत नाही. ते पेपरातून म्हणाले, "विश्वा, गप ऱ्हा जरा. पाव्हण्यांना अनुभव हाय."

"कशाचा? नारळ घ्यायचा?"

"विश्वजित!" हे आई.

माझं डोकं फिरलं. मी उठून किचनमध्ये गेलो आणि फ्रिज उघडून उभा राहिलो. (रागात मला थंडावा लागतो. धंद्याची सवय.) बाहेरून मामांचा आवाज येत होता, "धा चौकोन हायत, पोरीनं पाचच भरलेत. रिकामं बरं दिसत न्हाय." मग, "हे उरण रोडचं गोजराबाई स्मृती कॉलेज टाका. माझा सत्कार केलाय त्यांनी, मान ठेवाया पायजे." मला बाहेर जाऊन बघायला हवं होतं. मी दातओठ खात बर्फाचा ट्रे मोजत राहिलो. बारा कप्पे.

थोड्या वेळानं मामा ओरडले, "ओटीपी आला का रं तुझ्या मोबाइलवर? सांग!"

मी किचनमधूनच सहा आकडे ओरडलो. फॉर्म लॉक झाला. ते माझे पाच टक्के.

उत्कर्षा कपाळावर चौदा टिळे घेऊन परत आली. "भरला? वाशी नीट टाकलंय ना, मामा?"

"एकदम मानाच्या जागी," मामा म्हणाले.

तिनं त्यांना वाकून नमस्कार केला. मीही बघितलं नाही, तिनंही नाही.

यादी लागायच्या दिवशी मामा सकाळी नऊलाच पेढे घेऊन आले. मेसेज त्यांच्या फोनवर पण येईल अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. "पहिल्या फेरीत पहिली पसंती! म्हटलं हुतं का न्हाय? आजवर आपल्या मंडळात एकाची पण पहिली पसंती लागली न्हाय!"

आईचे डोळे भरले. पप्पांनी पेपर खाली ठेवला, हे त्यांनी माझ्या जन्मानंतर दुसऱ्यांदा केलं असेल. उत्कर्षानं लॅपटॉप उघडला, वाचलं, परत वाचलं.

"मामा," ती म्हणाली, "गोजराबाई स्मृती कॉलेज पहिलं कसं?"

"मग? ते सगळ्यात बारकं."

"आणि वाशी?"

"धाव्या नंबरला. अध्यक्ष." मामा पेढा चघळत होते. "तू यादी उलटी लिवली हुतीस बाय, वाशी वर. तुमाला शाळेत शिकवत न्हाईत हे. मी सरळ करून टाकली."

पेढ्याचा कागद तेवढा वाजला.

मग मी बोललो. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही, कारण हे कोणी घरात वाचायला ठेवलं तर अडचण होईल. सारांश असा, की कॉलेज म्हणजे पाहुणा नाही, फॉर्म म्हणजे पत्रिका नाही, आणि गोजराबाईला अडतीस टक्क्यांना जागा मिळते, तिथं एक्क्याण्णववालीनं पहिली पसंती दिली तर कॉम्प्युटर तिला दुसरीकडं कशाला पाठवेल?

"आवाज खाली," पप्पा म्हणाले.

"पप्पा, तिची जागा गेली!"

"गेली कुठं? लागली की," मामा म्हणाले. "कॉलेज ते कॉलेज. बारावी तिथं पण हाय."

उत्कर्षा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मामा, मला एकदा विचारायचं तरी."

"कसं विचारणार? तू सत्काराला गेली हुतीस."

मी तिला बाइकवर घालून मार्गदर्शन केंद्रात घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, स्क्रीन बघितली आणि चष्मा काढला.

"पहिली पसंती तुम्हीच दिलीत?"

"हो, पण…"

"आणि तीच मिळाली?"

"मॅडम, तोच तर प्रॉब्लेम आहे."

"सकाळपासून दोनशे जण आले पहिली पसंती मिळाली नाही म्हणून. मिळाली म्हणून भांडायला आलेले तुम्ही पहिलेच." मग त्या जरा मऊ झाल्या आणि नियम समजावला. पहिली पसंती लागली की प्रवेश घ्यायलाच लागतो. नाही घेतला तर नेहमीच्या सगळ्या फेऱ्यांतून बाहेर, आणि शेवटी उरलेल्या जागांत जे मिळेल ते. वाशीत काही उरत नाही. "फॉर्म भरताना घरात कोणी शिकलेलं नव्हतं का?"

उत्कर्षानं माझ्याकडं पाहिलं. मी पाटीवरच्या वेळा वाचू लागलो.

उरण रोडवर गोजराबाई स्मृतीत आमचं जे स्वागत झालं ते मंत्र्याचं होत नाही. संस्थेच्या इतिहासात नव्वदच्या वरचं पाऊल प्रथमच पडलं होतं. गेटवर तिच्या फोटोचा बॅनर लागला, त्यात मामांचा फोटो तिच्यापेक्षा मोठा. लॅबमध्ये एक मायक्रोस्कोप होता. तो कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली संस्थापकांच्या धाकट्या सुनेकडं असते, ती पुण्याला असते. उत्कर्षानं काचेतून बघितलं आणि मला म्हणाली, "चालेल दादा. दही मी घरून आणीन." मी बाहीनं कपाटाची काच पुसत राहिलो. (धूळ होती.)

आता प्रश्न उरला जायचा-यायचा. दोन बस बदलायच्या, मधल्या रस्त्यावर डंपर. आई म्हणाली, "एकटी न्हाय जायची पोर. विश्वा सोडंल की. तो सध्या घरीच असतो."

"आई, मी कामाला जातो!"

"ते काय काम म्हणायचं का?" पप्पा म्हणाले. त्या दिवशी पेपर नव्हता, तरी म्हणाले.

मी उत्कर्षाकडं पाहिलं. तिनं काही मागितलं नाही, आणि म्हणूनच मी हो म्हणालो. तिला एकदा 'बघतो' म्हणून मी फ्रिज बघितला होता.

सकाळी सातचं कॉलेज, साडेबाराला सुटायचं. परत रबाळ्याला जाऊन पुन्हा तिला आणायला यायचं म्हणजे दिवस रस्त्यावरच संपायचा. आठवडाभर मी गेटबाहेर बाइकवर बसून काढला. अंकुशदादाचे फोन यायचे, कुठं आहेस, मासळीच्या गोदामाचं मशीन बंद पडलंय. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "विश्वा, तू एक काम कर. तू शिक्षणाचंच बघ." आणि दुसरा माणूस ठेवला.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या वॉचमननं प्राचार्यांकडं तक्रार केली, बाहेरचा एक मोठा मुलगा रोज गेटवर बसून मुलींकडं बघतो. मी मुलींकडं बघत नव्हतो, बॅनरवरच्या मामांकडं बघत होतो, आणि वाईट नजरेनं बघत होतो हे खरं. प्राचार्यांनी मामांना फोन केला. मामा स्वतः आले, रिक्षानं, शाल घेऊन. केबिनमध्ये दहा मिनिटं बसले आणि हसत बाहेर आले.

"मिटवलं," म्हणाले. "बाहेरचा म्हणून तक्रार हाय ना? आत घेऊन टाकला. ह्यांच्या डिग्री कॉलेजला साठ जागा रिकाम्या हायत, ह्यांना पण पोरं पायजेत. येळ पण तीच, सात ते साडेबारा. बीए. ज्यात मरण न्हाय आसं."

"मामा, मला शिकायचं नाही!"

"तुला कोण शिक म्हणतंय? नुस्ता आत बस."

आई रडली, आनंदानं. पप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वर्षभर कंप्रेसर दुरुस्त करून, स्वतःचा मोबाइल स्वतः घेऊन, घरात वीजबिल भरून जे मिळालं नव्हतं ते त्या हातात होतं. वर्गात आम्ही सात जण आहोत, त्यातला मी सगळ्यात मोठा, म्हणून सर मलाच खडू आणायला पाठवतात.

बाबासोमामांच्या एका यादीनं माझं काम गेलं आणि मला बीए लागलं. तीन वर्षं.